जिथं पाखरं हाकलत नाहीत

परवा सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि डोक्यावरून आवाज गेला. फार गोड नाही, कर्कशही नाही. लांबच्या रस्त्यावरून वरात जात असली की बाजा कसा तुटक तुटक ऐकू येतो, तसा. मान वर केली, तर आमच्या क्वार्टरांच्या ओळीवरून, पाण्याच्या टाकीला बगल देत, पक्ष्यांची एक वाकडीतिकडी माळ पूर्वेकडे सरकत होती. खाली कारखान्याची बस गाठायला निघालेली माणसं डबे सांभाळत लगबगीनं चालली होती. कोणी वर पाहिलं नाही. मी मात्र दुधाची पिशवी हातात धरून तशीच उभी. आतून ह्यांनी विचारलं, "दूध आलं नाही का?" मी म्हटलं, "दूधही आलं आणि पाहुणेही आले."

पट्टकादंब हे त्या पाहुण्यांचं नाव. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आमच्या भंडाऱ्याला येतात. ज्या गावाला नागपूरचे नातेवाईक यायला कुरकुरतात, तिथे हे बर्फाच्या डोंगरांवरून न बोलावता येतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. अर्थात हे शहाणपण नवं आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत माझं पक्षिज्ञान चिमणी, कावळा आणि पोपट एवढ्यावर संपत होतं. कोंबडी धरली तर चार. ते वाढवलं एका तलावानं आणि एका अशा माणसानं, ज्यानं उभ्या जन्मात पाखरांकडे कधी प्रेमानं पाहिलं नव्हतं.

तलाव आमच्यापासून फार लांब नाही. आमच्या जवाहरनगरहून निघालं की शहापूर मागे पडतं, भंडारा आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की रस्ता बारीक होतो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी आखलेले शेताचे चौकोन. कापणी झालेली असली की त्यांत नुसती धसकटं आणि त्यावर दव. मग सागाचं जंगल सुरू होतं, गाडीत गारवा शिरतो, आणि एका वळणावर काहीही सूचना न देता समोर पाणी येतं. इतकं पाणी, की पलीकडच्या टेकड्या पाण्यातूनच उगवल्यासारख्या दिसतात.

हा पूर्वीपासूनचा सिंचनाचा तलाव. आता तिथे फाटक आहे, बोटी आहेत, पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालायला पायवाट आहे, सायकली मिळतात, तंबूत राहता येतं, आणि पाळीच्या टोकाला पक्षी पाहायची लाकडी कुटी आहे. 'सुशोभीकरण' हा शब्द ऐकला की मी सावध होते. सिमेंटचा जिराफ, त्याच्या शेजारी तोंड वासलेली मगर आणि वर कर्णा लावून गाणी, एवढंच त्यातून निघतं असा माझा अनुभव. इथे मात्र कुणाचं तरी डोकं ठिकाणावर होतं. तलावात नारिंगी तरंगत्या डब्यांची एक रेघ ओढली आहे. अलीकडचं पाणी माणसांचं, पलीकडचं पाखरांचं. माणसांच्या बाजूला हंसाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बोटी पायांनी हाणत कुटुंबं गोल गोल फिरतात आणि पलीकडे खरे हंस त्यांच्याकडे पाठ करून बसतात. गाण्यांना बंदी आहे. गावातल्या बचत गटाच्या बाया चुलीवर शिंगाडे उकडून विकतात, आणि ते काळेकुट्ट शिंगाडे दातांनी फोडताना कपड्यांवर डाग पाडून घेतल्याशिवाय इथून कोणी परत जात नाही. मला ही जागा मनापासून आवडते.

सकाळी तिथे धुकं असतं. पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मग ऊन चढतं तसा पडदा वर जातो आणि आधी कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसतो, मग जांभळ्या पाणकोंबड्या, मग बदकांच्या रांगा. दुपारी पलीकडच्या काठावर चितळं पाण्याला येतात, एक पाय पुढे टाकून थांबतात, पुन्हा एक पाय. येणारा प्रत्येक जण फाटकावर विचारतो, "वाघ दिसतो का?" आणि वाघ न दिसल्याचं दुःख शिंगाड्यांवर भागवून घरी जातो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मामाजींना तिथे पहिल्यांदा घेऊन गेलो ते मात्र वाघासाठी नव्हे, पाखरांसाठीही नव्हे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यांना मोकळ्या हवेत चालवा." मामाजी म्हणजे माझे सासरे. करडीला त्यांची धानाची शेती. गेल्या वर्षी रोवणी आटोपली आणि सासूबाई गेल्या. चिखलात वाकून रोप लावणारी बाई, चार दिवसांच्या तापात गेली. तेरवी झाल्यावर आम्ही मामाजींना आमच्या क्वार्टरवर घेऊन आलो. शेत शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलं. "पाहाले येता का एकदा?" असं शेजाऱ्यानं फोनवर विचारलं, तर त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मामाजींच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. रागानं नव्हे, राग असता तर मला कळला असता, मी त्यात वाकबगार आहे. जेवायला वाढलं तर दोन घास खायचे. "आणखी वाढू?" तर हात आडवा. दिवसभर मागच्या दारी खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचे. ज्या माणसाची हाक अर्ध्या शिवारात जायची म्हणतात, त्याचा आवाज घरात ऐकू येईना. भेटायला येणारी माणसं शहाणी. स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगायची, "जोडीतलं एक गेलं की दुसरं जास्त दिवस राहत नाही बरं." मी चहात साखर जास्त घालून त्यांची बोळवण करायची आणि मग ओट्यापाशी उभी राहून रडायची. मला खरंच भीती वाटत होती की हा माणूस आमच्या डोळ्यांसमोर, एक शब्द न बोलता, निघून जाणार.

तर एका रविवारी आम्ही तिघं तलावावर. थंडी मजबूत. मामाजींनी कानाला मफलर गुंडाळलेला, धोतरावर ह्यांचा जुना स्वेटर, खांद्यावर दुपट्टा. पाळीवरून चालत चालत आम्ही कुटीपर्यंत पोचलो. तिथे नागपूरहून आलेले चार-पाच जण हाताएवढाल्या दुर्बिणी नि कॅमेरे लावून बसले होते. कोणी शिंकलं तरी वळून पाहत होते. तिथली वनरक्षक मुलगी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बसवत होती. सगळे पट्टकादंबांची वाट पाहत होते.

आणि ते आले. टेकडीवरून आधी आवाज, मग रेघ, मग ती रेघ मोडत मोडत खाली आली आणि पंख ताणून, पाय पुढे करून सगळा थवा पाण्याकाठच्या गवतावर उतरायला लागला. कॅमेरे वर झाले.  एवढ्यात माझ्या बाजूला कोणीतरी ताडकन उठलं, आणि कानठळ्या बसतील अशा आवाजात हाक गेली,

"आले होऽऽऽ! आले होऽऽऽ!"

मामाजी! खांद्यावरचा दुपट्टा हातात, तो डोक्यावर गरगर फिरतोय, आणि छातीच्या तळातून आरोळी. पुढचं सांगायलाच नको. उतरलेले हंस उठले, न उतरलेले वरच्या वर वळले, त्यांच्याबरोबर बदकं उठली, टिटव्या उठल्या, पाणकोंबड्या धडपडत गवतात घुसल्या. अख्खा तलाव एका क्षणात हवेत गेला.

"काका! काय केलंत हे!" एक कॅमेरेवाला रडकुंडीला आला होता. "पहाटेपासून बसलोय आम्ही!"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. वनरक्षक मुलगी मात्र मध्ये पडली. "राहू द्या ना साहेब. माहे बाबाबी असेच करते. धानवाल्यायची सवय आहे ते." मग मामाजींकडे वळून, शाळेतल्या पोराला समजवावं तसं म्हणाली, "आजोबा, इथं पाखरायले हाकलत नाई. ते बसले पायजे, म्हनूनच आपन इथं राखन करतो."

मामाजींचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते हातात दुपट्टा धरून, पाळीच्या पार दुसऱ्या टोकाकडे पाहत उभे होते. कान देऊन. कशाची तरी वाट पाहत. मला वाटलं, ओशाळले असतील. हे मात्र त्यांच्याकडे न पाहता खाली मान घालून उभे होते, आणि ह्यांचे डोळे भरलेले होते.

हंस टेकडीला वळसा घालून परत आले. किती सुंदर वळले ते! आधी सगळे काळे दिसले, मग उन्हात फिरले आणि एकदम पांढरे. जरा पलीकडे जाऊन, काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा उतरले. पंख मिटून चरायला लागले. तेव्हा मामाजींनी तोंड उघडलं. किती तरी दिवसांनी त्यांचं आपणहून निघालेलं वाक्य मी ऐकलं.

"अवं, वापस आले ते."

"येतात ना आजोबा," ती मुलगी म्हणाली. "त्यायले इथं कोनी काही म्हनत नाई."

मामाजी विचारात पडले. "मंग इथं नुकसान कोनाचं होते?"

"कोनाचंच नाई."

"कोनाचंच नाई?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. दुपट्टा खांद्यावर टाकला, बाकावर बसले आणि म्हणाले, "मंग पाहू दे मले."

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात घोळवलं असेल! जन्मभर या माणसाच्या डोक्यावरून थवे गेले होते. पोपटांचे हिरवेगार थवे, मुनियांचे, रानबदकांचे. त्यातला एकही त्याला सुंदर दिसायची सोय नव्हती. थवा म्हणजे दाण्यात दूध भरलेल्या लोंब्यांवर पडलेली धाड. आपण शहरातली, क्वार्टरातली माणसं आकाशाकडे पाहून 'वा' म्हणतो, कारण आपलं खाली काही पिकलेलं नसतं. उतारवयात का होईना, मामाजींना एक असा थवा भेटला, ज्याच्याकडे नुकसानीचा विचार न करता पाहता येत होतं. त्या दिवशी ते ऊन डोक्यावर येईपर्यंत उठले नाहीत.

परतताना गाडीत हे म्हणाले, "तुला माहीत नाही. तिकडून आई उत्तर द्यायची."

मग ह्यांनी सांगितलं. धान भरायला लागलं की मामाजी बांध्यांच्या एका टोकाला आणि सासूबाई दुसऱ्या टोकाला. इकडून हाकललेला थवा उठायचा तो सरळ तिकडे जायचा. म्हणून इकडून हाक, "आले होऽऽऽ!" आणि तिकडून सासूबाईंचं उत्तर, "पाह्यले होऽऽऽ!" म्हणजे पाहिले मी, आता ही बाजू माझी. हे उत्तर आलं की मामाजी खाली बसायचे, पाणी प्यायचे, विडी ओढायचे. उत्तर येईपर्यंत बसायचं नाही, हा नियम. दिवसभर असंच. दोघंही बोलायला तशी कंजूष. पण पिकाच्या दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत ती दोघं एकमेकांशी ह्या दोनच वाक्यांत बोलत असत.

मी मागे वळून पाहिलं. मामाजी खिडकीबाहेरच्या बांध्या पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "वारा उलटा राहे तं हाक ऐकू नाई ये. मंग तुही सासू पदर हलवे. मी दुपट्टा, ती पदर."

 शहापूर आलं, कारखान्याचं फाटक आलं. घरी पोचल्यावर मामाजींनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. मी वाढला, आणि वर तुपाची धार जरा जास्तच धरली.

पुढचा सगळा हिवाळा आमचे रविवार तलावाचे झाले. मामाजी दूधवाल्याच्या आधी उठून, मफलर बांधून, गाडीपाशी उभे. "काहून उशीर करून राहिली वं?" असं मला विचारायचे, आणि मी उशीर होऊ दिलेला असायचा तो हेच ऐकायला. एकदा बोटीत बसले. नारिंगी जाकीट धोतरावर आणि माझ्या साडीवर सारखंच विजोड दिसत होतं. बोटवाला गालात हसत होता. मामाजींनी कडेला धरून हात पाण्यात सोडला आणि मनगटापर्यंत बुडवून बराच वेळ तसाच ठेवला. "गार आहे," म्हणाले. एवढंच. पण त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, जन्मभर पाटानं आलेलं पाणी ओळखीचं असलेल्या माणसाला आज त्या पाण्याचं घर दिसलं.

कॅमेरेवाल्यांशीही त्यांचं जमलं. तो रडकुंडीला आलेला नागपूरकर पुढच्या खेपेला त्यांना पाहून आधी धास्तावला आणि उठून त्यांच्या शेजारीच येऊन बसला. बहुधा वेळ पडली तर तोंड दाबता यावं म्हणून. मामाजींनी त्याला स्वेटरच्या खिशातले उकडलेले शिंगाडे दिले. त्यानं त्यांना दुर्बीण दिली. दुर्बिणीतून पाहताना मामाजी हात पुढे करून हंस चाचपायचे, आणि हाताला हवा लागली की हसायचे. हंस उतरायला लागले की मात्र त्यांच्या छातीत काहीतरी वर यायचं, हे मला शेजारी बसून जाणवायचं. ओठ उघडायचे. मग ते दुपट्ट्याचं टोक दातांत धरायचे आणि थवा बसेपर्यंत सोडायचे नाहीत. हाक गिळायला त्यांना शिकावं लागलं. ते सोपं नसणार.

फाल्गुनात एक दिवस तलाव रिकामा वाटला. कमळपक्षी होता, पाणकोंबड्या होत्या, पण पलीकडचं गवत मोकळं. मामाजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गेले आपल्या घरी. मीबी जातो आता."

"कुठे जाता?" मी दचकून विचारलं.

"घरी, करडीले. धुरे फुटले असतीन. पाहा लागते."

आम्ही नको म्हटलं नाही. जायला निघालेला माणूस धुऱ्यांची काळजी करतोय म्हटल्यावर नको कशाला म्हणायचं?

यंदा त्यांनी रोवणी केली. गड्यांना ओरडून ओरडून केली, असं शेजाऱ्यानं फोनवर तक्रारीच्या सुरात सांगितलं, आणि मला ती तक्रार पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटली. धान भरलं तेव्हा मामाजींचा फोन आला. "चमकीच्या पट्ट्या बांधल्या चारही बाजूनं. पाखरं भेतात." मग म्हणाले, "पन पट्टी जवाब नाई देत बाई." मी "हो" म्हटलं.  

तर परवा हंस आले आणि मी करडीला फोन लावला. काल रविवार. मामाजी सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला उतरले. पोत्यात आमच्यासाठी नवे तांदूळ, खांद्यावर दुपट्टा. तलावावर पोचलो तर गुडघे दुखतात म्हणून ते पाळीच्या सुरुवातीलाच बाकावर बसले. ह्यांना त्यांच्यापाशी ठेवून मी एकटीच पायवाटेनं पुढे निघाले. वनरक्षक मुलगी कुटीच्या दारात भेटली. "आजोबा आले का?" तिनं आधी तेच विचारलं. आत कॅमेरेवाले दबा धरून होतेच. मी कुटीच्या बाहेर, पाळीच्या टोकाला उभी राहिले. वारा माझ्याकडून मामाजींकडे वाहत होता.

टेकडीवर आवाज झाला. रेघ दिसली. मोडत मोडत खाली येऊ लागली. मी वळून पाहिलं तर पाळीच्या त्या टोकाला मामाजी उठून उभे राहिले होते.  आता हाक जाणार! पण हाक आली नाही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि अगदी हळू, कमरेच्या खालीच, एकदा हलवला. पाखरांना दिसू नये इतपत. मला दिसावा इतपत.

मी स्वेटरखाली खोचलेला पदर ओढून काढला. हात थंडीनं आखडले होते, पदर लवकर सुटेना. सुटला तसा मी तो हातात धरून, त्यांच्यासारखाच हळू, हलवला. आणि ऐकायला कोणी नसताना, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "पाह्यले हो."

हंस उतरले. एकही उडाला नाही. तिकडच्या टोकाला मामाजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला, आणि खाली बसले.